दोन परस पाण्याखाली

सोलापूर,
२३ मार्च २०२५

प्रदीपदादा,

जय भीम. पुढचं 'सप्रेम' वगैरे गृहीत धरू नकोस, मी रागानेच लिहायला बसले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलं आहेस. फोन केला की वहिनी उचलतात आणि तू नेहमी अंघोळीलाच गेलेला असतोस. पंचेचाळिसाव्या वर्षी इतकी स्वच्छता बरी नव्हे. म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

बातमी अशी की आबासाहेबांची विहीर बुजवणार आहेत. गावाशेजारचा रस्ता रुंद होतोय आणि विहीर त्यात येते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुरूम पडेल. हे मला रुक्मिणीबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. हो, त्याच, आबासाहेबांच्या सूनबाई. आता त्या गावच्या सरपंच आहेत.

तू आठवायचं नाही असं ठरवून नाशिकला बसला आहेस, तेव्हा मीच आठवण करून देते. १९९९ चा मे महिना. रुक्मिणीबाई बाळंतपणानंतर सव्वा महिन्याने विहीर पुजायला आल्या होत्या. मनगटं वाळली होती. हळदकुंकू वाहायला वाकल्या आणि उजव्या हातातली सोन्याची पाटली सुळकन पाण्यात गेली. लगेच तात्यांना बोलावणं आलं. करकंबपासून टेंभुर्णीपर्यंत कुणाच्याही विहिरीत काही पडलं की आपल्या वडिलांनाच बोलावत. घागर असो, मोटारीच्या पाइपची झडप असो, कधी माणूसही. ज्या विहिरीत आपल्या आजीला घागर बुडवू देत नव्हते, तिच्या तळाला तिचा मुलगा जाऊन यायचा. त्याचा विटाळ कुणाला होत नव्हता.

तात्यांनी तीन बुड्या मारल्या. तिसऱ्यांदा वर येऊन म्हणाले, "हाय तितं. टप्प्याखाली कपारीत सरकलीया. म्या बघितली, पर हात आत जाईना. पहार द्या, दगूड हलवतो."

पहार कुणी दिली नाही. आबासाहेब म्हणाले, "हात आत जाईना, का कमरंला गेला?" मग सगळ्या गावासमोर तात्यांना मुठी उघडायला लावल्या. कमरेचा करगोटा चाचपला. मी नऊ वर्षांची होते आणि काठावर तात्यांचा सदरा धरून उभी होते. पंढरपुराहून दोन माणसं आणून उतरवली, त्यांना काही दिसलं नाही. दोन मोटारी तीन दिवस चालवल्या, पण कालव्याच्या पाझरामुळे पाणी हटेना. ती विहीर त्यानंतरच्या दुष्काळांतही आटली नाही.

आणि चौथ्या दिवशी तू कागद लिहून दिलास. 'वडिलांकडून चूक झाली, क्षमा असावी.' खाली तात्यांच्या नावाने 'ईश्वर' अशी सहीही तूच केलीस. तुला डी.एड.ला जायचं होतं आणि आबासाहेबांच्या हातात असलेला गावचा दाखला हवा होता. दाखला मिळाला. आठवड्याने आपण एक ट्रंक घेऊन सोलापुरात उतरलो. तात्या गोदामावर रखवालदार झाले आणि त्यानंतर कधी पाण्यात उतरले नाहीत.

आता मी उतरणार आहे. कपारीत पाटली आहे का ते बघणार आहे आणि असेल तर तिचा फोटो घेऊन येणार आहे. पाटली वर आणणार नाही. हे वाक्य दोनदा वाच, कारण मलाही ते कळायला आठ दिवस लागले. मी पाटली हातात घेऊन वर आले, तर हेच लोक म्हणतील की बापाने दडवलेली लेकीने काढली. पाटली जिथे आहे तिथेच दिसली पाहिजे, सगळ्यांना, मध्ये कुठेही न तुटलेल्या एका चित्रणात. म्हणून कॅमेरा हवा.

हस आता. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात राहणारी बाई पाण्याखालचा कॅमेरा शोधतेय. पोटभर हस, मग उत्तर लिही.

धम्मप्रिया


सोलापूर,
१५ एप्रिल २०२५

दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एक ओळ. 'जुनं उकरून काय मिळणार, तात्यांचं वय बघ.' वय मी रोज बघते रे, ते माझ्याकडेच राहतात.

काल जयंती झाली. मिरवणूक बघून आल्यावर तात्यांना दारातच सगळं सांगितलं. ते सरळ गच्चीवर गेले. शेजारच्या बांधकामाच्या उरलेल्या विटा होत्या, त्या मांडायला लागले. एक आडवी, एक तिरपी, वर फरशीचा तुकडा. मध्ये फट ठेवली. पुन्हा पुन्हा हात घालून बघायचे आणि वीट बोटभर सरकवायचे. शेवटी मनगटाशी हात अडकला तेव्हा थांबले.

"हां. ही अशी हाय. वीतभर उंच, चार बोटं रुंद. आत डावीकडं वळती."

सव्वीस वर्षांनी, दादा. ज्याने पाटली कमरेला खोचली, त्याला कपारीचं माप कशाला पाठ असेल? तुला शाळेत तर्कशास्त्र शिकवावं लागत नाही हे मुलांचं भाग्य.

आता कॅमेऱ्याचं ऐक. मी दिवसभर माणसांच्या आतले फोटो काढते. एक्स-रेच्या खोलीत मला कुणी शिकवायला येऊ नये. पण पाण्यात माझं सगळं ज्ञान पालथं पडलं. नवी पेठेत शिवयोगी नावाच्या माणसाचं दुकान आहे. तो म्हणाला, "मॅडम, लग्नासाठी पाहिजे का फिरायला जायला?" मी म्हटलं, विहिरीसाठी. त्याने पोऱ्याला चहा सांगितला आणि दुकानातल्या खुर्चीवरचे खोके काढून मला बसायला जागा केली.

आधी त्याने काडेपेटीहून जरा मोठा कॅमेरा दाखवला, तो डोक्याला बांधून लोक मोटारसायकली उडवतात तो. छान, रुंद दिसतं, पाण्याला घाबरत नाही. पण त्याला हातभर लांबचंच स्पष्ट दिसतं. गच्चीवरच्या विटांत पितळी अंगठी ठेवून बघितलं, तर अंगठीऐवजी पिवळा डाग आला. डाग दाखवून कुणाला पटवू? मग मोठा, भिंगं बदलायचा. फोटो असा की अंगठीवरचा ओरखडा मोजावा. पण त्याची पाण्यातली पेटी आणि पुढचा काचेचा घुमट मिळून झाला कुकर. चार बोटांच्या फटीत कुकर कसा घालू? शिवयोगी म्हणाला, "लांबून झूम करा की." तर त्यातही अडचण. पाण्यात जितकं लांब जाल तितकं मधलं पाणीच फोटोत येतं, हिरवंगार. पाण्याखाली फोटो काढायचा पहिला नियम म्हणजे जवळ जा. जवळ गेलात की आणखी जवळ जा.

शेवटी तिसरा ठरला. खिशात मावणारा, मुळातच पाण्यात चालणारा आणि नखाएवढ्या अंतरावरचंही स्पष्ट दाखवणारा. शिवाय वरून प्लास्टिकची पेटी घेतली, कारण पन्नास फूट खोल चालतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं आणि खोकं काही विहिरीत उतरत नाही. पेटीच्या तोंडाला रबरी कडं असतं. त्यावर एक केस जरी राहिला तरी पाणी आत शिरतं. पेटीत नुसता कोरडा कागद ठेवून ती चार तास आपल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवली. कागद कोरडा निघाला. तात्या मात्र पाणी बाटवलं म्हणून दिवसभर चिडले होते.

राहिला रंग. पाण्यात खाली गेलं की सोनं पिवळं दिसत नाही, मळकट हिरवं दिसतं. हिरवी पाटली दाखवली तर म्हणतील पितळ आहे, नाहीतर गंजलेली कडी. म्हणून दोन दिवे घेतले, आणि एक पांढरी प्लास्टिकची बशी. पाण्यात ती कॅमेऱ्यापुढे धरून 'पांढरं म्हणजे हे' असं त्याला सांगावं लागतं. मग तो पिवळ्याला पिवळं म्हणतो. माणसांसाठी अशी बशी मिळत असती तर मी पहिली नाशिकला पाठवली असती.

धम्मप्रिया


सोलापूर,
२८ एप्रिल २०२५

दादा,

काल गेलो होतो. फजिती झाली. माझ्याकडूनच ऐक, गावातल्या कुणी फोन करून मसाला लावायच्या आत.

टेंभुर्णीला एसटी बदलून दहाला पोचलो. कॅमेरा तात्यांच्या टॉवेलात गुंडाळून डब्याच्या पिशवीत नेला होता. तात्या विहिरीपासून दहा पावलांवर बाभळीखाली बसले, पाण्याकडे पाठ करून. काठावर निम्मं गाव. आबासाहेबांना खुर्ची आणून दिली होती. पंच्याऐंशी वर्षांचे झालेत, पण आवाज तोच.

रुक्मिणीबाई हसतमुखाने पुढे आल्या. "ताई, तुमाला सोच्च दिसावं म्हणून काल सांजच्याला शिपायाकडनं पावडर टाकून घेतली. अर्धं पोतं."

गावाच्या टाकीत टाकतात ती ब्लिचिंग पावडर. अर्धं पोतं! बाईंचा हेतू इतका चांगला होता की मला ओरडताही येईना. पाणी ताकासारखं झालं होतं. तरी उतरले. कमरेला दोर, डोळ्यांना चष्मा, हातात कॅमेरा. दिवे मी कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवून लावले होते. पेटवले मात्र, आणि समोर सगळं पांढरं. पाण्यातला कण न् कण चमकत होता. त्यात मी पाय मारत होते, त्याने खालचा गाळ उठला. चार बुड्या मारल्या. वर येऊन बघितलं तर चित्रणात भुरभुर सोडून काही नाही. कपार तर सोड, भिंतसुद्धा सापडली नव्हती.

आबासाहेबांनी खुर्चीतूनच विचारलं, "काय, घावलं का बापाचं घबाड?"

लोक हसले. सगळे नाही, पण पुरेसे. मी नऊ वर्षांची असताना जिथे उभी होते त्याच दगडावर उभी होते, ओल्या कपड्यांत. तात्या उठले, दोर गुंडाळला आणि चालू लागले.

टेंभुर्णीच्या स्टँडवर चहा घेताना बोलले. "दिवा डोळ्यापाशी धरलास तू. धुक्यात कंदील डोळ्यापाशी धरला की धुकंच दिसतं. लांब धर, कडंनं उजेड येऊ दे." इंटरनेटवर परदेशी लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, दिव्यांना लांब दांड्या लावा म्हणून. मी ती वाचून विसरले होते. तात्यांनी त्यातलं एकही पान वाचलेलं नाही.

"आन पाय मारू नको. दगूड छातीशी धर, त्योच न्हेतो खाली. म्या कवा पाय मारला का?"

"तात्या, हे आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस कवा? दुकानदाराला इचारलंस की."

मग म्हणाले, पौर्णिमेच्या सुमाराला जाऊ. मे महिन्यात आठ-दहा दिवस असे येतात की दुपारी विहिरीत सावलीच पडत नाही, ऊन सरळ तळाला जातं. तोवर पावडरही खाली बसेल. चहा संपवून त्यांनी माझ्या चहाचेही पैसे दिले आणि एसटीत खिडकीशी जाऊन झोपले. माझा कान असा धरला गेल्यावर मला बरं वाटलं.

धम्मप्रिया


सोलापूर,
५ मे २०२५

दादा,

काल तू स्वतः फोन केलास, पाच वर्षांनी. कसली तरी खुशाली विचारशील असं वाटलं होतं. तू विचारलंस, "आणि नसली तर?"

मी फोन ठेवला. त्याचं उत्तर आता देते. नसली तर तेही चित्रण सगळ्यांसमोर दाखवीन. तात्या शेजारी बसलेले असतील आणि मी मान वर करून बसेन. मला भीती वाटते, हो. रोज वाटते. एक्स-रे काढताना पेशंट म्हणतो, ताई, काही नाही ना? तेव्हा मी म्हणते, बघितल्याशिवाय कसं सांगू. मग तो बिचारा श्वास रोखून उभा राहतो. तू सव्वीस वर्षं एक्स-रे न काढताच पाय मोडला असं सांगत फिरलास, आणि आता फिल्म लावायची वेळ आली तर घाम तुला फुटतोय.

तुझी भीती वेगळी आहे हे मला कळतं. पाटली नसली तर तुझा कागद खरा. असली तर मग तू काय करणार आहेस?

ध.


सोलापूर,
१३ मे २०२५

दादा,

काल बुद्धपौर्णिमा होती, मला सुट्टी होती. सकाळी विहारात जाऊन आलो, मी केलेली खीर तात्यांनी दोन वाट्या खाल्ली आणि निघालो.

या वेळी मी कॅमेरा विहिरीच्या काठावरच सुरू केला. आधी रुक्मिणीबाईंचा चेहरा घेतला, मग आबासाहेबांचा, मग सगळ्यांचे. माझे रिकामे तळवे दाखवले, दोन्ही बाजूंनी. मोठ्याने म्हटलं, हे आता वर येईपर्यंत बंद होणार नाही. दिव्यांना वेल्डरकडून हातभर लांबीच्या दांड्या लावून घेतल्या होत्या. कॅमेरा गळ्यात होता, छातीशी पाट्याएवढा दगड. दोर तात्यांनी धरला. या वेळी ते काठावर उभे होते, तोंड पाण्याकडे करून.

साडेबाराला ऊन सरळ खाली उतरलं होतं. दगडाने मला अलगद नेलं. टप्पा लागला, विहिरीच्या भिंतीतला दगडी कट्टा. त्याच्याखाली दोन परस, म्हणजे दोन पुरुष उंचीचं पाणी. आणि समोर ती कपार, दादा. आपल्या गच्चीवरच्या विटा. तिरपा दगडसुद्धा तसाच तिरपा. पाण्यात माणसाला रडता येत नाही हे बरं आहे, चष्म्यात पाणी झालं असतं.

बशी धरली. कॅमेऱ्याला पांढरं दाखवलं. दिवे बाजूला फाकवले आणि कॅमेरा फटीत सारला. आधी गाळ. मग एक खेकडा बाहेर आला आणि माझ्या बोटांवरून चालत गेला. डावीकडे वळवला. छातीत कळ यायला लागली होती. दोराला दोन हिसके दिले की तात्या वर ओढणार होते, ते मी दिले नाहीत. अजून जरा आत. आणि पडद्यावर पिवळं दिसलं. हिरवट नाही, मळकट नाही. पिवळं, वाकलेलं, गाळातून वर आलेलं कडं. मी तीन आकडे मोजले, कॅमेरा हलू दिला नाही. मग दोन हिसके दिले.

वर आले. उन्हात पडदा दिसेना, म्हणून रुक्मिणीबाईंनी आपला पदर माझ्या आणि स्वतःच्या डोक्यावर घेतला. पदराखाली दोघींनी पहिल्यापासून बघितलं. पाटली आली तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"कळ्या हायत. बगा, काठाला कळ्या. माझ्या आईनं करकंबच्या सोनाराकडनं घालून घेतलत्या." आणि मग, अगदी हळू, "मला म्हनायचे, पडली-बिडली न्हाई, तूच माहेरी पोचवली. सासूबाई मरंपर्यंत म्हनत हुत्या."

हे मला ठाऊक नव्हतं, दादा. मला वाटत होतं की ही आपल्याच घरची गोष्ट आहे.

त्या उठल्या, कॅमेरा घेऊन आबासाहेबांसमोर गेल्या. "मामंजी, बगा."

"माझं डोळं गेल्यात आता," आबासाहेब म्हणाले.

"मग आयका," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात कपार कुठे आहे, पाटली कशी पडली आहे, कळ्या किती दिसतात, सगळं सांगितलं. आबासाहेबांचे कान शाबूत असावेत, कारण मध्येच त्यांनी खुर्ची उचलायला सांगितलं. ती उचलायला कुणी पुढे झालं नाही.

मग रुक्मिणीबाईंनी कुणालातरी घरी पिटाळलं आणि पहार मागवली. तात्यांसमोर आडवी धरली. "काका, त्या दिशी दिली न्हाई. आज देते. तुमीच काढा."

मला वाटलं तात्या पहार घेतील. खरं सांगते, मला ते हवं होतं. त्यांनी हात मागे घेतले.

"न्हाय बाई. माझं काम तवाच झालं हुतं. कुटं हाय ती म्या सांगितलं हुतं. आता ज्येची त्येनं काढावी."

एवढं बोलून त्यांनी सदरा काढला. घडी घालून माझ्या हातात दिला. टोपी त्यावर ठेवली. मी म्हटलं, तात्या, काय करताय? एकाहत्तर वर्षांचा माणूस, धोतराचा काचा मारून काठावर गेला आणि सरळ सूर मारला. काठावरच्या बायका ओरडल्या. मी सदरा रुक्मिणीबाईंच्या हातात कोंबला आणि कॅमेरा घेऊन तात्यांच्यामागे उडी टाकली.

ते काही काढायला गेले नव्हते. पोहत होते. त्या विहिरीत ते आयुष्यभर कुणीतरी पाठवलं म्हणून उतरले. घागरीसाठी, झडपेसाठी, प्रेतासाठी, पाटलीसाठी. काल त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. अर्धा तास बाहेर यायला तयार नव्हते. शेवटी मी म्हटलं, एसटी चुकेल, तेव्हा आले.

निघताना रुक्मिणीबाईंनी एक पिवळा पडलेला कागद दिला. घरात देवाच्या कपाटात ठेवलेला होता. तो माझ्याकडे आहे. अक्षर किती सुरेख रे तुझं. एसटीत तात्यांना दाखवला. त्यांनी तो वाचलाच नाही, नुसतं म्हणाले, "पोरगं हुतं. भ्यालं." मी तुला इतक्या सहज सोडणार नाही, पण त्यांनी सोडलं आहे, हे तुला कळवायला हवं म्हणून लिहिते. कागद मी फाडलेला नाही. सहीसकट तो तुझा आहे, तूच इथे येऊन तात्यांसमोर फाड. मुरूम पडायला अजून तीन आठवडे आहेत.

पाटलीचा फोटो सोबत पाठवत नाही. तो बघायचा तर सोलापूरला यायचं. सोबत आहे तो तात्यांचा. पाण्याखालून घेतलाय, दिवा न लावता, नुसत्या उन्हावर. बशी धरायला वेळ नव्हता, म्हणून सगळं जरा हिरवं आलंय. केस वर उभे राहिलेत, गाल फुगलेत, आणि ते सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. त्यांचे हात बघ. दोन्ही मुठी उघड्या आहेत.

ईश्वर बनसोडे यांची मुलगी,
धम्मप्रिया